शून्याचीही नोंद: कॅन्ससमधली मोनार्क टॅगिंगची वही

२७ ऑगस्ट २०२३, रविवार. ओव्हरलंड पार्क, कॅन्सस

मोनार्क फुलपाखरांच्या पंखांवर लावायचे टॅग आले. पन्नास. गुळगुळीत कागदावर ओळीने चिकटलेले पांढरे गोल, प्रत्येक नऊ मिलिमीटरचा, कॉलरच्या बटणाएवढा. त्यावर अक्षरं-आकड्यांचा क्रमांक आणि अगदी बारीक टायपातला पत्ता. बाबांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद नाकाशी धरून तो वाचला आणि म्हणाले, "एवढंसं ओझं घेऊन हे पाखरू मेक्सिकोला जाणार?"

जाणार. मोनार्कचं वजन जेमतेम अर्धा ग्रॅम, आणि टॅगचं त्याच्या पन्नासाव्या हिश्श्याएवढं. आमच्या परसातून मेक्सिकोतल्या मिचोआकानच्या डोंगरापर्यंत, जिथे ती हिवाळा काढतात, सरळ रेषेत साधारण २,२०० किलोमीटर भरतात. उन्हाळ्यात जन्मणारी मोनार्क दोन ते सहा आठवडे जगतात. आता कोषातून बाहेर पडणारी पिढी मात्र सात-आठ महिने जगते. ती इतक्यात जोडीला लागत नाही, अंडी घालत नाही. फुलांतला मध पिऊन चरबी साठवते आणि दक्षिणेची वाट धरते.

टॅगिंगचा हा उपक्रम आमच्यापासून तासाभरावरच्या लॉरेन्स गावातून चालतो. कॅन्सस विद्यापीठातले कीटकशास्त्रज्ञ ओर्ली टेलर यांनी १९९२ साली 'मोनार्क वॉच' सुरू केलं. तेव्हापासून शाळकरी पोरं, निवृत्त मंडळी, शेतकरी असे हजारो लोक दर शरद ऋतूत फुलपाखरांना टॅग लावतात. मेक्सिकोतल्या जंगलाशेजारचे गावकरी झाडांखाली मरून पडलेल्या फुलपाखरांत हे टॅग शोधतात आणि त्याचा मोबदला त्यांना मिळतो.

गेल्या वर्षी मी १८ टॅग लावले. एकही सापडल्याचं कळलं नाही. त्याचं दुःख नाही, कारण शंभरात एखादाही सापडेल असं नसतं. खंत वेगळी आहे. माझ्या कागदावर तारीख, गाव, नर की मादी याखेरीज काहीच नव्हतं. त्या दिवशी वारा कुठला होता, ऊन होतं का, मी किती वेळ उभी होते, काही लिहिलेलं नाही. यंदा टॅगशेजारी हवामान लिहायचंच, म्हणून ही वही.

आजची हवा: गेला आठवडाभर पारा ३८ अंशांच्या वर होता. परसातल्या मिल्कवीडची, म्हणजे मोनार्कच्या अळ्या जिच्यावर वाढतात त्या झाडाची, खालची पानं वाळून खडखडीत झाली आहेत. पान तोडलं की एरवी भळभळा चीक येतो, आज टिपूसभर आला.

२ सप्टेंबर, शनिवार

लेकीला आणि बाबांना टॅग कुठे लावायचा ते दाखवलं. मागच्या पंखाच्या खालच्या बाजूला, मधोमध, हातमोज्याच्या आकाराचा एक कप्पा असतो. टॅग त्यातच बसला पाहिजे. तिथे तो शरीराच्या मध्याजवळ राहतो, उडताना तोल जात नाही. पुढच्या पंखावर लावला तर जातो. सराव पिंपळाच्या जाळीदार पानावर केला. बाबांनी लोणंदहून येताना लेकीसाठी वहीत घालून आणलं होतं ते.

मिल्कवीडवर दोन अळ्या आहेत, पिवळे-काळे-पांढरे पट्टे असलेल्या. बाबा म्हणाले, "अगं, ही तर आपल्या रुईवरची!" अगदी तीच नव्हे, पण भाऊबंद नक्की. मारुतीला जिच्या पानांची माळ घालतात ती रुई आणि मिल्कवीड एकाच घराण्यातली, दोघींनाही तसाच चीक. आपल्याकडे रुईवर वाढणारं प्लेन टायगर फुलपाखरू आणि हे मोनार्कही सख्खे नातेवाईक. चिकातलं विष अंगात मुरवून दोघंही पक्ष्यांना कडू लागतात.

लेकीने विचारलं, टॅग आधी कोणी लावला? टोरांटोचे फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांची पत्नी नोरा यांनी. सुरुवातीला त्यांनी तिकिटासारखे मागे डिंक लावलेले कागद वापरले, ते पावसात गळून पडले. म्हणजे या कामाशी हवामानाची गाठ पहिल्या दिवसापासूनची. पुढे टिकणारा चिकट कागद मिळाला, लोक मदतीला आले, आणि २ जानेवारी १९७५ रोजी केन ब्रगर आणि कॅटालिना अग्वादो या जोडप्याला मेक्सिकोच्या डोंगरात लाखो मोनार्क झाडांना लगडलेली सापडली. वर्षभराने अर्कहार्ट स्वतः तिथे गेले. ते बसले होते तिथेच एक फांदी मोडून पडली आणि तिच्यावरच्या फुलपाखरांत एकाला टॅग होता. मिनेसोटातल्या चास्का गावी एका शिक्षकाने आणि दोन विद्यार्थ्यांनी आधीच्या ऑगस्टमध्ये लावलेला. ही गोष्ट मी लेकीला तिसऱ्यांदा सांगितली, आणि फांदी पडल्यावर ती तिसऱ्यांदा तेवढीच खूश झाली.

९ सप्टेंबर, शनिवार. टॅग: ३

एक मीटरची काठी अंगणात ओळंब्याने उभी केली. दुपारी सव्वाच्या सुमाराला इथे सूर्य सर्वांत उंच असतो. सावली ६७ सेंटीमीटर. म्हणजे सूर्य क्षितिजापासून ५६ अंशांच्या जरा वर.

ही काठी कशाला? टेलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी वर्षानुवर्षांच्या टॅगच्या तारखा तपासल्या, तेव्हा दिसलं की कुठल्याही अक्षांशावर माध्यान्हीचा सूर्य साधारण ५७ अंशांवर उतरला की तिथून स्थलांतराला सुरुवात होते आणि ४८ च्या आसपास जोर ओसरतो. आमच्या काठीच्या हिशोबाने ६५ सेंटीमीटरला दार उघडतं आणि ९० ला मिटू लागतं. बाबांना हे फार आवडलं. लोणंदला माउलींच्या पालखीचा मुक्काम असतो, त्यामुळे त्यांना प्रत्येक प्रवास वारीच्या भाषेत कळतो. "पालखीची तारीख पंचांग ठरवतं, पाऊस असो की ऊन. यांचंही पंचांग आहे म्हणायचं."

आज आग्नेयेकडून मंद वारा, तापमान २७, ऊन स्वच्छ. दीड तास उभी होते. तीन मिळाली, दोन नर आणि एक मादी. नराच्या मागच्या पंखावर शिरेलगत काळा ठिपका असतो, मादीला नसतो.

पहिलं फुलपाखरू लेकीने धरलं. चारही पंख मिटून बोटांच्या चिमटीत. त्याचे पाय माझ्या अंगठ्याला लागत होते, करंगळीवरून दोरा ओढावा तसे. टॅग ठेवला, दोन सेकंद दाबला, चिमूट सैल केली. ते लगेच उडालं नाही. लेकीच्या मनगटावर चालत गेलं, पंख दोनदा उघडले, मिटले आणि मग सरळ शेजारच्या ओकच्या शेंड्यावर. बोटांवर केशरी भुकटी राहिली. ती खवल्यांची असते, थोडी गेली तर बिघडत नाही, पण हात हलका हवा.

१२ सप्टेंबर, मंगळवार. टॅग: ०

ऑफिसातून लवकर येऊन तासभर उभी होते. दक्षिणेचा वारा, अंगावर येणारा. एकही नाही. वही मिटून ठेवत होते तर बाबांनी विचारलं, "आजचं लिहिलं नाहीस?"

"काही मिळालंच नाही, बाबा. काय लिहू?"

"शून्य लिही."

बाबा शाळामास्तर होते, आणि पंचवीसेक वर्षं गावातल्या पर्जन्यमापकाची नोंद त्यांच्याकडे होती. रोज सकाळी जाऊन मापनळीतलं पाणी मोजायचं. ऑक्टोबर ते मे बहुतेक दिवस नळी कोरडी. तरी जायचं आणि ० लिहायचं. ते म्हणाले, "रकाना रिकामा सोडलास तर नंतर वाचणाऱ्याला काय कळणार? पाऊस पडला नाही की मास्तर गेला नाही?"

मला हे इतकं लागलं की गेल्या वर्षीचा कागद काढून बसले. त्यात फक्त टॅग लावलेले दिवस आहेत. नोंदणीचा तक्ता असतोच तसा, एका टॅगला एक ओळ. टॅग न लागलेल्या दिवसाला त्यात जागा नाही.

आजपासून वहीत तीन खुणा. फुलपाखरं मिळाली तर आकडा. गेले पण मिळालं नाही तर शून्य. गेलेच नाही तर आडवी रेघ. शिवाय बाबा रोज सकाळी अकरा ते साडेअकरा मागच्या अंगणात खुर्ची टाकून बसणार आणि जेवढी दिसतील तेवढी मोजणार. जाळी चालवायला त्यांचे गुडघे साथ देत नाहीत, पण डोळे उत्तम आहेत.

१७ सप्टेंबर, रविवार. टॅग: ४

लॉरेन्सजवळच्या बेकर वेटलँड्सला गेलो. सकाळी ढग होते, पाऊण तास काहीच हललं नाही. फुलपाखराचं रक्त थंड, उडायचे स्नायू तापल्याखेरीज ते उडत नाही. हवा १३ अंशांच्या खाली असेल तर उन्हाशिवाय त्याला उठताच येत नाही. आज गारठा नव्हता, १८ होते, तरी ऊन नसल्याने सगळी झाडीत बसून. साडेदहाला ढग फाटले आणि पाच मिनिटांत पिवळ्या फुलांवर दिसू लागली. जणू कोणी बटण दाबलं.

एक टॅग वाया गेला. कागदावरून सोलला आणि वाऱ्याच्या झुळकीने उडून माझ्या बाहीला चिकटला, काढताना दुमडला. तो क्रमांक तक्त्यात खोडून 'रद्द' लिहिलं. बाबांनी ती खोडलेली ओळ पाहून मान डोलावली.

१९ सप्टेंबर, मंगळवार. टॅग: —

गणपती बसले. रेघ. बाबांची मोजणी मात्र झाली, आरतीनंतर सोवळ्यातच: ६.

२३ सप्टेंबर, शनिवार. टॅग: ११

सावली ८१ सेंटीमीटर. आज दिवस-रात्र समान.

आजचा दिवस नीट लिहिते, कारण आज माझी एक समजूत मोडली. सकाळपासून दक्षिणेचा सोसाट्याचा वारा होता, झेंड्याची दोरी खांबावर टणटण आपटत होती. मला वाटलं, शून्य पडणार. पण ओढ्याच्या वळणावर, वाऱ्याच्या आडोशाला गोल्डनरॉडची पिवळी झुडपं आहेत, तिथे प्रत्येक तुऱ्यावर एकेक मोनार्क. सोंड खुपसून बसलेली, वाऱ्याने अंग कलंडलं तरी फूल सोडत नव्हती. दोन तासांत अकरा धरली. एवढी मी एका दिवसात कधीच धरली नव्हती.

घरी येताना लक्षात आलं. उलट्या वाऱ्यात पुढे जाणं म्हणजे साठवलेली चरबी जाळणं. म्हणून ती खाली उतरतात, खातात, वाट पाहतात. पाठीशी उत्तरेचा वारा असला आणि जमिनीवरून गरम हवेचे झोत वर चढत असले की हीच फुलपाखरं घारीसारखी पंख न हलवता वर वर जातात. ग्लायडर चालवणाऱ्यांना ती तीन हजार मीटरच्या वर दिसलेली आहेत. तिथे माझी जाळी काय पोचणार? म्हणजे त्यांच्या दृष्टीने जो दिवस वाईट, तो माझ्या तक्त्यात भरघोस. त्यांचा प्रवास जोरात असतो तेव्हा माझा कागद कोरा.

आजवर मी जास्त टॅग म्हणजे जास्त स्थलांतर असं धरून चालले होते. निदान एका अंगणापुरतं ते खरं नाही. हजारो अंगणांच्या नोंदी एकत्र केल्या की असे चढउतार बरेचसे झाकले जातात, म्हणून तर इतके लोक लागतात. पण माझ्या वहीला वाऱ्याचा रकाना नसता तर आजच्या ११ चा अर्थ मी उलटाच लावला असता.

२४ सप्टेंबर, रविवार. टॅग: ३

वारा तसाच, जोर कमी. तीनही मादी. एकीचा उजवा पुढचा पंख कोपऱ्यात फाटलेला, पक्ष्याने चोच मारल्यासारखा. टॅग लावावा की नको असा विचार करत होते, तेवढ्यात ती माझ्या हातातून सुटून वाऱ्याच्या तोंडावर जोरात उडाली. पुन्हा फुलावर बसली, तेव्हा धरून लावला.

२६ सप्टेंबर, मंगळवार. टॅग: ०

ओढ्याच्या वळणावरची गोल्डनरॉड कापून टाकली. रस्त्याच्या कडा साफ ठेवणाऱ्या कचेरीचं यंत्र आज सकाळी फिरलं. सगळा पिवळा पट्टा भुईसपाट, कापलेल्या तुऱ्यांचा वास येत होता आणि दोन मोनार्क त्या आडव्या पडलेल्या तुऱ्यांवर बसून अजून मध शोधत होती.

मी फोन केला. वेळापत्रकाप्रमाणे कापणी झाली, असं सांगितलं. महिनाभर थांबता आलं असतं. पाऊस नसलेल्या वर्षी फुलं आधीच कमी, आणि जी आहेत ती ओढ्याकाठी, जिथे ओल टिकते. इथून पुढे ओक्लाहोमा आणि टेक्सासही कोरडे आहेत. मोनार्क आपली बरीचशी चरबी टेक्सासात आणि उत्तर मेक्सिकोत भरून घेतं, आणि त्याच शिदोरीवर हिवाळाभर जगायचं असतं. तिथे फुलं नसतील तर इथला एकेक तुरा मोलाचा. लेखी अर्ज केला आहे. पुढच्या सप्टेंबरआधी पुन्हा करणार.

१ ऑक्टोबर, रविवार. टॅग: ३ (काल ४)

पारा पुन्हा तिशीपार. दक्षिणेचा वारा हटायला तयार नाही. सावली ९० च्या पुढे गेली, सूर्याच्या हिशोबाने गर्दी ओसरायला हवी होती, पण बाबांच्या खुर्चीवरून गुरुवारी १४ दिसली होती, शुक्रवारी १७. वेळापत्रक सूर्याचं असेल, निघायची परवानगी वाऱ्याची असते.

आणखी एक गोष्ट वही चाळताना दिसली. माझे सगळे टॅग शनिवार-रविवारचे आहेत. गुरुवार-शुक्रवारी फुलपाखरं होती, मी नव्हते. बाबांचा रकाना नसता तर ही फुलपाखरं फक्त सुट्टीच्या दिवशी प्रवास करतात असंच या वहीवरून वाटलं असतं.

कालपासून पितृपक्ष. बाबांनी आईचं पान वाढून पिंपळाऐवजी मागच्या ओकखाली ठेवलं.

५ ऑक्टोबर, गुरुवार. टॅग: ०

दुपारी हवा फिरली. वायव्येकडून कोल्ड फ्रंट आली, दोन तासांत बारा अंशांनी पारा उतरला, वारा उत्तरेचा. संध्याकाळी सहाच्या सुमाराला बाबांनी मला हाक मारली. "बाळ, लवकर ये. आवाज करू नको."

ओढ्याकाठच्या हॅकबेरीच्या झाडाची दक्षिणेकडची, वाऱ्याच्या आडोशाची बाजू. मला आधी वाळलेली पानं वाटली. मग एक पान उघडलं आणि आत केशरी. मिटलेल्या पंखांची खालची बाजू फिकट, म्हणून ती पानासारखी दिसतात. नवीन एखादं येऊन बसायला लागलं की आधीची सगळी एकदम पंख उघडून फडफडतात आणि पुन्हा मिटतात. फांदीवरून केशरी लाट गेल्यासारखी. मी एका फांदीवर ४० मोजली, तशा सहा-सात फांद्या. अडीचशे धरायला हरकत नाही.

जाळी हातात होती. टॅग लावले नाहीत. रात्रीच्या मुक्कामाला बसलेल्यांना अशा गार हवेत उठवलं तर ती जमिनीवर पडतील आणि पुन्हा चढायची ताकद त्यांच्यात राहणार नाही. बाबा म्हणाले, "वारकऱ्याला पंगतीतून आणि झोपेतून उठवू नये." आम्ही तिघं अंधार होईपर्यंत उभे राहिलो. शून्य लिहिलं.

६ ऑक्टोबर, शुक्रवार. टॅग: ०

रजा टाकली. सकाळी सात वाजता ७ अंश. झाड जसंच्या तसं. गवतात एक मोनार्क पडलेलं होतं, रात्री फांदीवरून सुटलेलं असावं. पंख अर्धवट उघडून थरथरत होतं. ही थरथर म्हणजे भीती नव्हे. स्नायू हलवून ते अंग तापवत होतं. लेकीने काडीवर घेऊन त्याला उन्हाच्या तिरिपेत ठेवलं. थरथर वाढत गेली, इतकी की पंखांच्या कडा पुसट दिसायला लागल्या, आणि अकराव्या मिनिटाला ते उडालं.

साडेनऊला ऊन झाडावर आलं. फांद्या पेटल्यासारख्या झाल्या, पंख सताड उघडलेले. मग एकेक सुटायला लागलं. खाली कोणी आलं नाही. सगळी झाडाच्या वर गोल फिरत चढली, ठिपके झाली, आणि उत्तरेच्या वाऱ्याने त्यांना दक्षिणेकडे नेलं. सव्वादहापर्यंत झाड रिकामं.

आजही शून्य. १२ सप्टेंबरचंही शून्यच होतं. तेव्हा काहीच नव्हतं म्हणून शून्य, आज सगळं डोक्यावरून गेलं म्हणून शून्य. शेजारी वारा, ऊन आणि बाबांचा रकाना आहे, म्हणून या दोन शून्यांतला फरक कागदावर राहिला.

९ ऑक्टोबर, सोमवार

काल दोन टॅग लावले. आज सकाळी बाबांनाही एक दिसलं नाही. हंगाम संपला असं धरते.

९ सप्टेंबर ते आजपर्यंत ३१ दिवस. टॅग लागलेले दिवस ७, शून्य १५, रेघा ९. फुलपाखरं ३०, नर १७, मादी १३. रद्द टॅग १. उरलेले १९ टॅग जपून ठेवले, तक्ता पाठवून दिला.

२ नोव्हेंबर, गुरुवार

बाबा परवा लोणंदला पोचले, दिवाळीला घरी.

दर वर्षी याच सुमाराला मोनार्कचे पहिले थवे मिचोआकानच्या डोंगरात उतरतात. मेक्सिकोत आज मृतांचा दिवस. तिथले पुरेपेचा आणि मासाहुआ लोक मानतात की या फुलपाखरांच्या रूपाने आपली गेलेली माणसं घरी येतात. बाबांना फोनवर सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "ओकखाली त्या दिवशी एक येऊन बसलं होतं. मी मोजणीत धरलं नव्हतं."

१३ जानेवारी २०२४, शनिवार

बाहेर उणे वीस. दाराची कडी हाताला चिकटते आहे.

बावीस वर्षांपूर्वी याच तारखांना, १२-१३ जानेवारी २००२ रोजी, मोनार्कच्या डोंगरात आधी पाऊस आणि मागोमाग कडाक्याची थंडी आली. कोरडं मोनार्क शून्याखाली सात-आठ अंशांपर्यंत तग धरतं. ओलं झालं की तेवढी थंडी त्याला सोसत नाही, त्याच्या बऱ्याच आधी ते गोठतं. मोठ्या वसाहतींत चारातली तीन फुलपाखरं मेली असा अंदाज निघाला. झाडांखाली मेलेल्यांचा फूटभर थर होता.

म्हणून तिथल्या ओयामेल फरच्या रानाला इतकी किंमत. समुद्रसपाटीपासून तीन हजार मीटरवरचं हे दाट रान पाऊस वरच्यावर झेलतं आणि रात्रीची ऊब निसटू देत नाही. मोनार्कवर आयुष्य घालवलेले लिंकन ब्राऊर त्याला छत्री आणि पांघरूण म्हणत. बाबांच्या भाषेत इरलं आणि घोंगडी. झाडं तोडून रान विरळ केलं की दोन्हीला भोकं पडतात.

पण थंडी नुसती वैरीही नाही. पॅट्रिक गेरा आणि स्टीव्हन रेपर्ट यांनी २०१३ मध्ये दाखवलं की दक्षिणेकडे निघालेल्या मोनार्कला काही आठवडे गारठ्यात ठेवलं की त्याची दिशा पालटते आणि ते उत्तरेला उडू लागतं. गारठा मिळालाच नाही तर ते दक्षिणेलाच उडत राहतं. परतीची वाट त्यांना थंडीच दाखवते.

आज वहीच्या मागच्या पानावर आणखी एक रकाना आखला: 'सापडण्याची हवा'. मोठ्या वादळानंतर जमिनीवर मेलेल्यांचा खच पडतो, म्हणून टॅगही जास्त सापडतात. सौम्य हिवाळ्यात फुलपाखरं जिवंत परततात आणि टॅग त्यांच्यासोबत जातात. ज्या वर्षी माझा टॅग सापडल्याचा निरोप येईल, ते वर्ष फुलपाखरांना वाईटही गेलेलं असू शकेल. सुरुवातीला हवा ठरवते की ते उडेल का, मग हवा ठरवते की मी त्याला धरू शकेन का, आणि शेवटी तेही हवाच ठरवते की कोणाला ते सापडेल का.

८ फेब्रुवारी, गुरुवार

काल आकडा आला. मेक्सिकोत या हिवाळ्यात मोनार्कने व्यापलेलं रान ०.९० हेक्टर. गेल्या वर्षी २.२१ होतं. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टरांच्या वर होतं. यापेक्षा कमी एकदाच, २०१३-१४ मध्ये, ०.६७. अहवालात उष्णता आणि दुष्काळाचं नाव आहे.

०.९० हेक्टर म्हणजे सव्वादोन एकरही नाही. बाबांना फोन केला. ते म्हणाले, "आपलं ओढ्याकडचं वावर अडीच एकर आहे." म्हणजे रॉकी पर्वताच्या पूर्वेकडच्या सगळ्या मोनार्कांना आमचं ते एक वावर पुरून उरलं असतं. मला ते वावर माहीत आहे, बांधावरून एक फेरी मारायला दहा मिनिटं लागत नाहीत. रात्री झोप लागली नाही.

टेलर आणि सहकाऱ्यांनी १९९८ ते २०१५ मधल्या सुमारे १४ लाख टॅगांचा अभ्यास २०२० मध्ये छापला. वाटेत मरणाऱ्यांचं प्रमाण वर्षानुवर्षं वाढत चाललंय, म्हणून आकडा घटतो, अशी एक शंका होती. टॅगांनी ती उचलून धरली नाही. उन्हाळ्याअखेर उत्तरेत किती फुलपाखरं तयार झाली, यावर हिवाळ्याचा आकडा मुख्यतः ठरतो, असं निघालं. म्हणजे मिल्कवीड किती आणि उन्हाळा कसा, हे आधी. पण एखाद्या कोरड्या शरदात वाटेतली फुलं वाळली की त्याचा घाव वेगळा बसतो, हे मी २६ सप्टेंबरला पाहिलं आहे. परसात यंदा गोल्डनरॉड आणि ॲस्टर लावणार, हिरवळीची पूर्वेकडची पट्टी उकरून. मिल्कवीडच्या बिया डिसेंबरातच ओल्या वाळूत फ्रिजमध्ये ठेवल्या आहेत, थंडी लागल्याशिवाय त्या रुजत नाहीत.

२० एप्रिल, शनिवार

मिल्कवीडचे कोंब वीतभर आले आहेत. सकाळी दहाला त्यांच्याभोवती एक मोनार्क घिरट्या घालत होतं. रंग उडून फिकट, जवळजवळ तपकिरी. पंखांच्या कडा झिजून कातरलेल्या, डाव्या मागच्या पंखाचा तळहातभर नव्हे पण नखाएवढा तुकडा गेलेला. म्हणजे हे गेल्या शरदात निघालेल्यांपैकीच असणार, हिवाळा काढून आलेलं. मादी. कोंबावर उतरली, पोट वळवून पानाच्या खाली टेकवलं, उडाली, दुसऱ्या कोंबावर तेच. लेक पोटावर झोपून पाहत होती. पानाखाली टाचणीच्या डोक्याहून लहान, दुधी रंगाचं, उभ्या रेघांचं अंडं.

दोन्ही मागचे पंख दिसले. टॅग नव्हता.

बाबांना व्हिडिओ कॉल लावला. लोणंदला रात्रीचे पावणेनऊ, अंगणात खाट टाकून बसले होते. त्यांनी आधी विचारलं, "वारा कुठला?"

"दक्षिणेचा."

"मग आता तो पाठीचा झाला की."

"हो बाबा. तुमच्याकडे पाऊस?"

"शून्य," ते म्हणाले. "लिहिलंय."

मी वही उघडली. २० एप्रिल, सकाळी १०, दक्षिणेचा वारा, ऊन, मोनार्क १, मादी, टॅग नाही, अंडी ४.